बारावी नापास पोराने जगभरचे सिनेमे वाचवले, अन् त्याची खुर्ची गेली तेव्हा अख्खं पॅरिस रस्त्यावर आलं

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक साधा कागद लागतो. संध्याकाळी सहा वाजता, ऑडिटोरियममध्ये, जपानी सिनेमा. पुढच्या आठवड्यात इराणी, त्याच्या पुढच्या आठवड्यात इटालियन. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, प्रवेश विनामूल्य.

पहिल्या दिवशी पंचवीस-तीस पोरं येतात. त्यातली अर्धी फुकट आहे म्हणून आलेली असतात, काही मित्राने ओढत आणलेली. मध्यंतरापर्यंत हॉल अर्धा रिकामा होतो. पण जी चार-पाच पोरं शेवटपर्यंत बसून राहतात, त्यातल्या एखाद्याचं आयुष्य त्या संध्याकाळी दुसरीकडेच वळलेलं असतं.

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, फिल्म आर्काइव्हच्या थिएटरमध्ये, आयआयटीच्या फिल्म क्लबमध्ये अशा संध्याकाळी वर्षानुवर्षं होत आल्यात. परदेशातला, आपल्या भाषेत नसलेला, पन्नास वर्षं जुना सिनेमा कॉलेजच्या पोरांना दाखवायचा, तोही नफ्याचा विचार न करता, ही गोष्ट आज साधी वाटते. पण एक काळ असा होता की जुना सिनेमा म्हणजे भंगार होतं. तो वितळवला जायचा.

तो वितळवू नका, जपा, आणि नुसता जपून ठेवू नका तर पोरांना दाखवा, हे जगाला पटवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचं नाव आंरी लांग्ल्वा. स्पेलिंग बघून बरेच जण हेन्री लँगलॉइस म्हणतात. त्याने एकही गाजलेला सिनेमा बनवला नाही. तरीही त्याला ऑस्कर मिळालं.

जळालेल्या शहरातून आलेलं पोरगं

लांग्ल्वाचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ चा. गाव स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. घरचे फ्रेंच, पण राहणं उस्मानी साम्राज्यातल्या त्या बंदरात. ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू, युरोपियन असे सगळे तिथे शेजारी शेजारी राहायचे.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीक-तुर्क युद्धाच्या शेवटी हे शहर पेटलं. कित्येक दिवस आग चालू होती. लांग्ल्वा तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता. घरच्यांचं होतं नव्हतं ते सगळं गेलं आणि कुटुंब पॅरिसला आलं.

त्याच्याबद्दल लिहिणारे बरेच जण इथे एक धागा जोडतात. ज्या पोराने डोळ्यांदेखत घर, गल्ली, शहर नाहीसं होताना पाहिलं, तो पुढे आयुष्यभर काहीही फेकू देईना. फिल्मचा तुकडा असो, पोस्टर असो, नटीचा जुना झगा असो, त्याला सगळंच ठेवून घ्यायचं असायचं.

पॅरिसमध्ये त्याला सिनेमाचं वेड लागलं. शाळा बुडवून थिएटरमध्ये बसणं रोजचं झालं. १९३३ मध्ये तो बाकालोरेआच्या परीक्षेत, म्हणजे आपल्याकडच्या बारावीसारख्या परीक्षेत, नापास झाला. वडील वैतागले आणि पोराला एका छापखान्यात कामाला लावलं.

वडिलांना वाटलं आता हा सुधारेल. पण त्याच छापखान्यात जॉर्ज फ्रांज्यू नावाचा दुसरा तरुण काम करत होता. त्यालाही तोच आजार होता.

तेव्हा जुन्या सिनेमाचं काय व्हायचं?

ही दोन पोरं काय करत होती ते समजायला आधी त्या काळातला धंदा समजून घ्यावा लागतो.

१९२७ नंतर बोलपट आले आणि दोन-चार वर्षांत मूकपटांची किंमत शून्य झाली. थिएटरवाल्यांना ते नको होते, कंपन्यांना गोदामाचं भाडं परवडत नव्हतं. त्यात ती फिल्म नायट्रेटची. ही फिल्म पटकन पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. त्यामुळे ती सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप.

शिवाय भंगारात तिला भाव होता. फिल्मवरच्या थरात चांदी असते, ती काढून घेता यायची. उरलेलं सेल्युलॉइड दुसऱ्या वस्तू बनवायला जायचं. म्हणजे कंपनीच्या हिशोबाने जुना सिनेमा दाखवण्यापेक्षा तो वितळवणं फायद्याचं होतं.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे जॉर्ज मेलिएस. चंद्रावर रॉकेट जाऊन आदळतं तो १९०२ चा सिनेमा बनवणारा हाच माणूस. त्याच्या कितीतरी फिल्म पहिल्या महायुद्धात वितळवल्या गेल्या आणि त्यातून सैनिकांच्या बुटांच्या टाचा बनल्या. पुढे १९२३ मध्ये कर्जाने बेजार झालेल्या मेलिएसने उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या. मग त्याने पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवर खेळण्यांचं दुकान चालवलं.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचं जे झालं ते फार वेगळं नव्हतं. भारतीय सिनेमाचा पाया घालणारा माणूस १९४४ मध्ये नाशिकला गेला तेव्हा त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. त्यांच्या बहुतेक फिल्म आज सापडत नाहीत. १९१३ चा राजा हरिश्चंद्रसुद्धा पूर्ण उरलेला नाही.

बाथटबमधला खजिना

१९३५ मध्ये लांग्ल्वा आणि फ्रांज्यूने पॅरिसमध्ये एक छोटा फिल्म क्लब काढला. त्याचं नाव सर्कल द्यू सिनेमा. कुणाला नको असलेले मूकपट आणायचे आणि दाखवायचे, एवढाच कार्यक्रम. त्या काळात फिल्म क्लबमध्ये सिनेमा संपला की मोठमोठ्या चर्चा व्हायच्या. लांग्ल्वाने चर्चा बंद ठेवली. सिनेमा बघा आणि घरी जा, असा त्याचा खाक्या होता.

दाखवायला फिल्म लागतात. भाड्याने आणायच्या तर परत द्याव्या लागतात आणि परत दिलेली फिल्म उद्या वितळवली जाणार हे माहीत असतं. मग विकत घ्यायच्या, मागून आणायच्या, भंगारवाल्याकडून सोडवायच्या. जागा कुठे होती? सांगतात की आईच्या घरातल्या बाथटबमध्ये रिळं भरलेली असायची आणि घरच्यांच्या अंघोळीचे वांधे व्हायचे.

१९३६ च्या सप्टेंबरमध्ये या उद्योगाला रीतसर नाव मिळालं, सिनेमातेक फ्रांसेज. एका सिनेमा साप्ताहिकाचे मालक पॉल-ऑग्युस्त आर्ले यांनी १०,००० फ्रँक दिले. सिनेमाचा इतिहास लिहिणारा जाँ मित्री सोबत आला. सुरुवातीला हातात होत्या १० फिल्म. लांग्ल्वाचं वय तेव्हा २२ सुद्धा नव्हतं.

फिल्म ठेवायला जागा मिळाली ती पॅरिसजवळ ओर्लीला, सिनेमातल्या निवृत्त लोकांच्या वृद्धाश्रमाच्या आवारात. त्या वृद्धाश्रमात एक म्हातारा राहत होता, जॉर्ज मेलिएस. पोरांनी गोदामाची किल्ली त्याच्या हातात दिली. ज्या माणसाने स्वतःच्या फिल्म जाळल्या होत्या, तो दुसऱ्यांच्या फिल्मचा पहिला राखणदार झाला. १९३८ च्या जानेवारीत मेलिएस गेला.

त्याच वर्षी पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिन इथल्या चार फिल्म संग्रहांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिचं नाव फियाफ. सिनेमा हा एका देशाचा नसतो, एकाकडची प्रत दुसऱ्याला देता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार. परदेशी सिनेमा कुणाच्याही कॅम्पसवर पोचण्याची वाट इथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

नाझी आले आणि फिल्म लपवायची वेळ आली

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. फिल्मवर सेन्सॉर आलं, रशियन आणि अमेरिकन सिनेमे बंद झाले, ज्यू कलाकारांच्या कामावर संकट आलं.

लांग्ल्वाने रिळं लपवायला सुरुवात केली. मित्रांच्या घरी, तळघरांत, गावाकडच्या वाड्यांत. पुढे मोठी नटी झालेली सिमोन सिन्योरे लहान मुलांच्या बाबागाडीतून रिळं इकडून तिकडे पोचवायची असं सांगतात. बंदी असलेले रशियन सिनेमे तो चोरून दाखवतही होता.

विशेष म्हणजे त्याला मदत करणाऱ्यांत एक जर्मन अधिकारीसुद्धा होता. फियाफमध्ये बर्लिनच्या संग्रहाचं प्रतिनिधित्व करणारा फ्रांक हेन्सेल आता लष्करी गणवेशात पॅरिसमध्ये होता आणि त्याने बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा केला.

या सगळ्यात एका बाईचं नाव विसरता येत नाही, लोटे आइस्नर. मूळची बर्लिनची ज्यू सिनेसमीक्षक, हिटलर सत्तेवर आल्यावर पळून फ्रान्समध्ये आलेली. युद्धात तिला गुर्सच्या छावणीत डांबलं गेलं. तिथून ती निसटली आणि खोट्या नावाने दक्षिण फ्रान्समध्ये लपून राहिली. लांग्ल्वाने त्याच भागातल्या एका जुन्या वाड्यात फिल्मचे डबे दडवले होते. कडाक्याच्या थंडीत एकेक डबा उघडून आत काय आहे याची यादी करायचं काम तिने केलं. युद्धानंतर तीच सिनेमातेकची मुख्य संग्राहक झाली आणि पुढची तीसेक वर्षं तिथे राहिली.

साठ खुर्च्यांचं विद्यापीठ

१९४८ मध्ये पॅरिसच्या अव्हेन्यू द मेसिनवर सिनेमातेकचं छोटं थिएटर सुरू झालं. खुर्च्या साधारण साठ. रोज संध्याकाळी एकामागून एक सिनेमे, तेही अगदी थोड्या पैशांत.

लांग्ल्वाची दाखवायची पद्धत अजब होती. एकाच रात्री तो एक जर्मन मूकपट, एक हॉलिवूडचा मारधाडपट आणि एक जपानी सिनेमा लावायचा. कुठल्याही अभ्यासक्रमात हे तीन एकत्र आले नसते. पण तिन्ही सलग बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप तुलना सुरू व्हायची. कॅमेरा इथे असा का ठेवला, तिथे तसा का? जपानी सिनेमाला सबटायटल नाहीत? नसू देत. भाषा कळत नाही म्हणून प्रेक्षक चित्राकडे जास्त नीट बघतो, असं त्याचं मत होतं.

पहिल्या रांगेत रोज येऊन बसणारी काही पोरं होती. एक शाळा सोडलेला, बालसुधारगृहात राहून आलेला फ्रांस्वा त्रुफो. एक विद्यापीठात नाव घालून वर्गात न जाणारा जाँ-ल्यूक गोदार. जाक रिव्हेत, एरिक रोमेर, क्लोद शाब्रोल. यातला एकही जण फिल्म स्कूलमध्ये शिकून दिग्दर्शक झाला नाही. त्यांचं शिक्षण या थिएटरच्या अंधारात झालं.

१९५५ च्या सुमारास सिनेमातेकचे खेळ रू द्युल्मवर सुरू झाले. हा भाग म्हणजे पॅरिसचं विद्यार्थ्यांचं शहर. सोर्बोन विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर, एकोल नोर्माल ही नामांकित संस्था त्याच रस्त्यावर, आणि हॉल होता सरकारी शिक्षण संस्थेच्या इमारतीत. म्हणजे एका अर्थाने सिनेमातेक कॅम्पसवरच येऊन बसलं.

चार वर्षांत निकाल लागला. १९५९ मध्ये त्रुफोचा फोर हंड्रेड ब्लोज आला, १९६० मध्ये गोदारचा ब्रेथलेस. जगाने त्याला फ्रेंच न्यू वेव्ह असं नाव दिलं. स्टुडिओच्या बाहेर, खऱ्या रस्त्यावर, हातात कॅमेरा घेऊन सिनेमा करता येतो हे या पोरांनी दाखवलं. त्यांनी ते शिकलं कुठून, याचं उत्तर होतं पहिल्या रांगेतल्या त्या खुर्च्या.

जपायचं की दाखवायचं?

आता वाटेल की सगळं छान चाललं होतं. तसं नव्हतं. फिल्म जपणाऱ्यांच्या जगात लांग्ल्वाचे विरोधक होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहाचे प्रमुख होते अर्नेस्ट लिंडग्रेन. त्यांचा नियम साधा होता. एखाद्या सिनेमाची जगात एकच प्रत उरली असेल तर ती प्रोजेक्टरवर चढवायची नाही. प्रोजेक्टरमधून जाताना फिल्मवर ओरखडे पडतात, ती तुटते, पेटू शकते. आधी दुसरी प्रत काढा, मग दाखवा. पैसे नसतील तर थांबा. आजच्या पिढीने बघितलं नाही तरी चालेल, पण उद्याच्या पिढीसाठी ती राहिली पाहिजे.

लांग्ल्वाचं म्हणणं बरोबर उलटं. डब्यात बंद असलेला सिनेमा कुणाच्याच कामाचा नाही. तो बघितला गेला तरच लोकांना त्याची किंमत कळेल, किंमत कळली तरच पैसे उभे राहतील, आणि तो बघूनच उद्याचे दिग्दर्शक तयार होतील. त्यात एखादी प्रत झिजली तर झिजली.

आणखी एक भांडण होतं निवडीवरून. लिंडग्रेन काय ठेवायचं हे समितीने ठरवून ठेवायचे. लांग्ल्वा म्हणायचा की कुठला सिनेमा मोठा ठरेल हे आज कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मिळेल ते ठेवा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा संग्रह १० फिल्मवरून ६०,००० च्या पुढे गेला होता तो यामुळेच.

पण या हावरेपणाची किंमतही मोजावी लागली. १० जुलै १९५९ ला सिनेमातेकच्या रू द कूर्सेलच्या इमारतीत उन्हाळ्याच्या उकाड्यात नायट्रेट फिल्मने पेट घेतला. किती आणि काय जळालं यावर पुढे बरेच वाद झाले, पण काही सिनेमे कायमचे गेले. ज्याने जळतं शहर बघून सगळं जपायचं ठरवलं, त्याच्याच ताब्यातल्या फिल्म आगीत गेल्या. त्याच सुमारास फियाफशीही त्याचं बिनसलं आणि तो स्वतः उभ्या केलेल्या संघटनेतून बाहेर पडला.

खुर्ची गेली आणि पॅरिस पेटलं

१९६३ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पाठबळावर सिनेमातेकला पॅले द शायोमध्ये मोठं थिएटर मिळालं. पण सरकारी पैसा आला की मागून सरकारी ऑडिट येतं.

अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती फिल्म आहेत? यादी कुठे आहे? कुठली फिल्म कुठे ठेवली आहे? लांग्ल्वाकडे नीट यादी नव्हती आणि जी होती ती द्यायची त्याची इच्छा नव्हती. त्यालाही कारण होतं. बऱ्याच प्रती त्याने ओळखीवर, तोंडी बोलीवर, कधी गुपचूप मिळवल्या होत्या. यादी बाहेर आली असती तर मालकी हक्क सांगणारे वकील दारात उभे राहिले असते. पण जनतेचा पैसा खर्च करणाऱ्या सरकारला हे उत्तर चालणार नव्हतं. हिशोब गोंधळाचा होता आणि गोदामं अस्ताव्यस्त, हा आरोप खोटा नव्हता.

९ फेब्रुवारी १९६८ ला संचालक मंडळाच्या बैठकीत लांग्ल्वाला बाजूला करून पिएर बार्बां यांना प्रमुख नेमण्यात आलं. कुलुपं बदलली. लोटे आइस्नर आणि लांग्ल्वाची आयुष्यभराची साथीदार मेरी मेर्सन यांनाही घरी पाठवलं गेलं.

सरकारला वाटलं, एका संग्रहालयाचा प्रमुख बदलतोय, दोन दिवस बातमी होईल. पण पहिल्या रांगेत बसणारी पोरं आता जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाली होती.

त्यांनी असा डाव टाकला की सरकारला उत्तरच सुचेना. दिग्दर्शकांनी कळवलं की लांग्ल्वा नसेल तर आमचे सिनेमे सिनेमातेकमध्ये दाखवायचे नाहीत. फ्रान्समधून पत्रं गेली, मग जगभरातून तारा आल्या. चार्ली चॅप्लिन, हिचकॉक, कुरोसावा, फ्रिट्झ लांग, ऑर्सन वेल्स, बुन्युएल. थिएटर सरकारच्या ताब्यात होतं, पण त्यात दाखवायचं काय हा प्रश्न उभा राहिला.

१४ फेब्रुवारीला शायोच्या बाहेर सुमारे तीन हजार लोक जमले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. गोदार, त्रुफो यांना मार बसला, बर्त्रां ताव्हेर्निए रक्तबंबाळ झाला. पुढच्या आंदोलनांत नांतेर विद्यापीठाचा दानिएल कोन-बेंदी नावाचा विद्यार्थीही भाषण करून गेला. तीन महिन्यांनी मे १९६८ च्या विद्यार्थी उठावात हेच नाव जगभर पोचलं. त्यामुळे मे महिन्याची रंगीत तालीम फेब्रुवारीत सिनेमातेकच्या दारात झाली होती, असं बरेच अभ्यासक मानतात.

शेवटी सरकारने माघार घेतली. २२ एप्रिल १९६८ ला लांग्ल्वा परत आपल्या खुर्चीवर बसला. त्रुफो तेव्हा स्टोलन किसेस नावाचा सिनेमा करत होता. त्या सिनेमाची सुरुवात सिनेमातेकच्या बंद दारावर होते आणि तो लांग्ल्वाला अर्पण केलेला आहे.

जिंकला, पण खिसा रिकामा झाला

खुर्ची परत मिळाली, पैसा नाही. सरकारने अनुदान कापलं आणि १९६९ मध्ये बुआ-दार्सी इथे स्वतःचा वेगळा फिल्म संग्रह उभा केला. सिनेमातेक चालवायला लांग्ल्वाला बाहेरून कमवावं लागणार होतं.

मग तो कॉलेजात शिकवायला लागला. परीक्षेत नापास झालेला माणूस थेट विद्यापीठाचा शिक्षक. नांतेरमध्ये तर त्याने शिकवलंच, पण खरी कसरत होती कॅनडाची. १९६८ पासून तीन वर्षं तो दर तीन आठवड्यांनी पॅरिसहून विमानाने मॉन्ट्रियलला जायचा. तिथल्या सर जॉर्ज विल्यम्स विद्यापीठात, ज्याला आज कॉन्कॉर्डिया विद्यापीठ म्हणतात, त्याचे वर्ग असायचे. अंगाने चांगलाच स्थूल, कपड्यांचं भान नाही, बोलणं विषय सोडून भटकणारं. पण सोबत फिल्मचे डबे असायचे. विद्यार्थ्यांना शिकवणं म्हणजे त्यांना भरपूर दाखवणं, ही त्याची जुनी पद्धत त्याने वर्गातही सोडली नाही.

अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७१ मध्ये पॅसिफिक फिल्म आर्काइव्ह सुरू झालं, त्यामागेही सिनेमातेकचाच आदर्श होता. संग्रह आणि थिएटर एकत्र, आणि दोन्ही विद्यापीठाच्या आवारात.

अर्थात कॅम्पसवर सिनेमा पोचायला तंत्रानेही मदत केली. ३५ एमएमची नायट्रेट फिल्म दाखवायला आगीपासून सुरक्षित खोली लागायची. १६ एमएमची फिल्म सहज पेट न घेणाऱ्या अ‍ॅसिटेटची असायची, प्रोजेक्टर उचलून नेता यायचा. वर्गात पांढरा पडदा लावला की थिएटर तयार. जगभरातले कॉलेज फिल्म क्लब या छोट्या प्रोजेक्टरवर उभे राहिले.

पुण्यात काय झालं?

१९६० मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ च्या फेब्रुवारीत त्याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे एनएफएआय, स्थापन झालं. तिथे पी. के. नायर आले आणि त्यांनी अक्षरशः गावोगाव फिरून फिल्म गोळा केल्या. फाळक्यांच्या कालिया मर्दनचे तुकडे जुळवून तो सिनेमा उभा करण्याचं श्रेय त्यांचंच. १९९१ मध्ये नायर निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे १२,००० फिल्म होत्या. त्यांना भारताचे आंरी लांग्ल्वा म्हणतात ते यासाठी.

नायरही दाखवण्याच्या बाजूचे होते. फियाफमुळे परदेशी संग्रहांशी देवाणघेवाण करता आली. फेलिनी, बर्गमन, कुरोसावा, ओझू यांचे सिनेमे इन्स्टिट्यूटच्या पोरांनी पडद्यावर बघितले. एनएफएआयच्या प्रती फिल्म सोसायट्यांना आणि कॉलेजांना मिळायच्या. वेगवेगळ्या देशांच्या वकिलातींकडूनही फिल्म यायच्या. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. ज्या काळात व्हिडिओ कॅसेटही नव्हती, त्या काळात महाराष्ट्रातल्या पोरांपर्यंत जगाचा सिनेमा असा पोचत होता.

त्या रात्री गुरू आणि चेला दोघांनाही ऑस्कर

१४ जून १९७२ ला लांग्ल्वाचं जुनं स्वप्न पूर्ण झालं. शायोमध्ये त्याने सिनेमाचं म्युझियम उघडलं. हिचकॉकच्या सायकोमधल्या म्हातारीचं मुंडकं तिथे होतं, जुने कॅमेरे, सेटची चित्रं, नट्यांचे कपडे होते. आयुष्यभर जे फेकू दिलं नाही ते सगळं.

२ एप्रिल १९७४ ला हॉलिवूडने त्याला मानद ऑस्कर दिलं. त्याच समारंभात परदेशी भाषेतल्या सर्वोत्तम सिनेमाचं ऑस्कर मिळालं ते डे फॉर नाइटला. दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो. साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसणारा तोच पोरगा.

पुढच्या तीनच वर्षांत, १३ जानेवारी १९७७ ला, लांग्ल्वा हृदयविकाराने गेला. वय ६२. संपत्ती म्हणावी असं मागे काही नव्हतं. पॅरिसच्या मोंपार्नास स्मशानभूमीत त्याची कबर आहे आणि तिच्यावर सिनेमांतल्या दृश्यांचे फोटो लावलेले आहेत. १९९७ मध्ये शायोच्या इमारतीला आग लागली आणि त्याचं म्युझियम बंद झालं. २००५ मध्ये सिनेमातेक बेर्सीच्या नव्या इमारतीत गेलं, ते आजही चालू आहे.

जपायचं की दाखवायचं हे भांडण मात्र मिटलेलं नाही, त्याने फक्त रूप बदललं. आज संग्रहालयं लिंडग्रेन सांगायचे तशीच यादी ठेवतात, तापमान सांभाळतात, एकमेव प्रत प्रोजेक्टरवर चढवत नाहीत. ते योग्यच आहे. पण डिजिटल प्रत काढून तो सिनेमा लोकांसमोर आणणं हेही त्यांचंच काम मानलं जातं, आणि हा हट्ट लांग्ल्वाचा.

आता फोनवर हजारो सिनेमे आहेत. तरी कॉलेजात असा फुकटचा खेळ लागला तर जायला हवं, याचं कारण त्याच्या आयुष्यातच आहे. फोनवर माणूस स्वतःला माहीत असलेलंच शोधतो. त्रुफो आणि गोदारने त्या हॉलमध्ये जे बघितलं, ते त्यांनी शोधलेलं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यासाठी निवडून लावलेलं होतं. त्यामुळे नोटीस बोर्डावर परक्या भाषेतल्या, कधी न ऐकलेल्या सिनेमाचं नाव दिसलं तर एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही. फक्त बसायचं पहिल्या रांगेत.